एका डब्यात दोघं

हे प्रकरण २०२१-२२ या शैक्षणिक वर्षातलं, साताऱ्यातल्या एका वरिष्ठ महाविद्यालयातलं. मी तिथे रसायनशास्त्र शिकवतो. पालक-शिक्षक म्हणून दरवर्षी पंचवीसेक मुलं माझ्या नावावर असतात, हा त्यांतला एक. त्याला विचारून लिहितोय. नाव देत नाही आणि ओळख पटेल असे तपशील गाळले किंवा बदलले आहेत. आमच्या चुका मात्र आहेत तशाच ठेवल्या आहेत.

पार्श्वभूमी

मुलगा बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. गाव खटाव तालुक्यात, पुसेगावच्या पुढे आत. घरची दोन एकर जिरायत, एक म्हैस, दोन शेळ्या. वडील हंगामात मिळेल त्या कामाला बाहेर, आई दुसऱ्याच्या रानात रोजाने. साताऱ्यात तो कॉट बेसिसवर राहायचा. एका खोलीत चार कॉट, संडास बाहेर आणि मालकाची अट पक्की: गॅस नाही, शेगडी नाही, हीटरसुद्धा नाही.

मग तो जेवायचा काय? याचं उत्तर आमच्या भागात पिढ्यान्‌पिढ्या एकच आहे. एसटीने डबा यायचा. सकाळच्या पहिल्या गाडीला आई गावच्या फाट्यावर येऊन डबा कंडक्टरकडे द्यायची, कोरेगावमार्गे गाडी सातारा स्टँडवर आली की हा जाऊन उचलायचा आणि आदला रिकामा डबा परतीच्या गाडीत ठेवायचा. चार भाकरी, कोरड्यास, कधी मटकी, फडक्यात बांधलेला खर्डा. दोन भाकरी दुपारी, दोन रात्री. साताऱ्यात शिकलेल्या अर्ध्याअधिक माणसांची पदवी अशी कंडक्टरच्या सीटखालून आलेली आहे, आणि मी त्यातलाच. तरीही मुलांच्या गरजांची यादी करायला बसलो की हा डबा माझ्या कागदावर कधी आला नाही. फी, पुस्तकं, पास एवढंच आम्ही मोजत आलो.

कोविडनंतर २० ऑक्टोबर २०२१ पासून महाविद्यालयं पुन्हा उघडली. डबे सुरू झाले. आठवडाभरातच महामंडळ राज्य शासनात विलीन करावं या मागणीसाठी एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि दिवाळीनंतर राज्यभरातल्या आगारांत गाड्या उभ्या राहिल्या. कर्मचाऱ्यांच्या मागणीबद्दल मला इथे काही म्हणायचं नाही. त्यांच्याही घरी चुली होत्या. पण सातारा स्टँडवर डब्यांचा खडखडाट थांबला, हे आमच्यापैकी कुणाच्या लक्षातच आलं नाही. आमची चर्चा चालली होती ती हजेरी घटल्याची.

अडचण दिसली ती रक्तदान शिबिरात

डिसेंबरच्या सुरुवातीला राष्ट्रीय सेवा योजनेने शिबिर घेतलं. रक्तदात्याचं वजन किमान ४५ किलो आणि हिमोग्लोबिन १२.५ ग्रॅम लागतं. तपासायची जुनी, स्वस्त रीत म्हणजे मोरचुदाच्या निळ्या द्रावणात रक्ताचा थेंब सोडायचा. द्रावणाची घनता १.०५३ राखलेली असते. थेंब झटकन तळाला गेला तर माणूस चालतो, वरच रेंगाळला तर रक्त पातळ. मी हे दरवर्षी मुलांना प्रात्यक्षिक म्हणून दाखवतो. त्या दिवशीही दाखवत होतो आणि याचा थेंब रेंगाळला. वजन भरलं ४४. मी नेहमीच्या सवयीने म्हणालो, "पालेभाज्या खा रे जरा." आणि पुढच्या मुलाकडे वळलो.

संध्याकाळी एक स्वयंसेवक मुलगी सामान आवरताना सहज बोलली, "सर, तुमच्या वर्गातल्या त्या मुलानं विचारलं, रिजेक्ट झालेल्यांना बिस्किटं-केळं मिळतं का म्हणून. मी दोन पुडे दिले. चाललं ना?"

ती मुलगी बोलली नसती तर हे प्रकरण झालंच नसतं. मला वाटलं होतं मुलगा रक्त द्यायला आलाय. तो खायला आला होता. नंतर मागचं आठवून पाहिलं तर नोव्हेंबरपासून ज्या ज्या कार्यक्रमाला अल्पोपाहार होता त्या प्रत्येक ठिकाणी हा हजर होता आणि आम्ही त्याला 'उत्साही विद्यार्थी' म्हणत होतो.

पहिला प्रश्न चुकला

दुसऱ्या दिवशी मी त्याला स्टाफरूममध्ये बोलावलं. चार सहकारी चहा पीत बसलेले. मी विचारलं, "काय रे, काही अडचण आहे का?"

"न्हाय सर."

"जेवतोस ना वेळेवर?"

"जेवतो की."

मी निश्चिंत झालो. आज हा संवाद वाचताना मलाच लाज वाटते. चार लोकांसमोर कुठला एकोणीस वर्षांचा पोरगा "उपाशी आहे" म्हणेल? त्यात प्रश्न असे की उत्तर 'नाही' आणि 'हो' एवढंच देता यावं. या एका चुकीत आमचे आठ दिवस गेले.

पुढच्या आठवड्यात प्रात्यक्षिकाला त्याच्या हातून ब्युरेट फुटलं. ओरडायचं म्हणून जवळ गेलो तर हाताला कंप. प्रयोग संपल्यावर त्याला बरोबर घेतलं आणि पोवई नाक्याच्या दिशेने चालत निघालो. चालताना एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागत नाही, याचा उपयोग होतो. विचारलं, "काल रात्री काय खाल्लंस?"

"वडापाव."

"एक?"

"एक."

"आणि आज सकाळी?"

तो गप्प. मग सगळं हळूहळू बाहेर आलं. संप सुरू झाल्यावर पहिले काही दिवस त्याने गावाहून वडापने, म्हणजे माणशी भाडं घेणाऱ्या खासगी गाडीने, ये-जा केली. वडापवाला कोरेगावला उतरवणार, तिथून दुसरं वडाप, आणि भाडं पासाच्या कित्येक पट. मग ते सोडलं. खोलीतल्या एका सोबत्याबरोबर त्याने मेसचा एक डबा लावला, एका डब्यात दोघं. मेस चालवणाऱ्या मावशीच्या एका डब्यात तीन चपात्या, भाजी, आमटी, भात. चपात्या दीड-दीड, भात अर्धा-अर्धा. असं करणारी पोरं साताऱ्यात आजही गल्लोगल्ली आहेत. डिसेंबर लागला तसा सोबत्याकडचा पैसा संपला, तो अधूनमधून गावी राहू लागला. एकट्याला पूर्ण डब्याचे पैसे झेपेनात, म्हणून डबा बंद. घरी काही कळवलं नव्हतं. "आईला कळलं तर ती चालत डबा घेऊन येईल सर," तो म्हणाला, आणि हसला.

झोप लागत नाही, वाचलेलं डोक्यात राहत नाही, शिकणं सोडून शिरवळला कंपनीत लागावं असं वाटतं, हेही त्याच वाटेवर बोलला. मी थेट विचारलं, जिवाचं काही वेडंवाकडं मनात येतं का? "तसलं न्हाय सर." हा प्रश्न विचारला हे बरं केलं, असं समुपदेशनाचं प्रशिक्षण घेतलेल्या आमच्या मॅडम नंतर म्हणाल्या. विचारल्याने कुणाच्या डोक्यात ते भरत नाही, उलट बोलायला दार उघडतं. तेव्हा १४४१६ हा मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानस सेवेचा क्रमांक नव्हता, तो ऑक्टोबर २०२२ मध्ये आला. आमच्याजवळ होती त्या मॅडम आणि केंद्राची 'किरण' हेल्पलाइन. त्याने दोन्ही नको म्हटलं, पण मॅडमशी पुढे बोलला. पोट भरायला लागल्यावर.

कोणते मार्ग होते

पहिला मार्ग मी कुणाला न विचारताच घेतला. खिशातून पाचशेची नोट काढून त्याच्या हातात कोंबली. नंतर सहा दिवस मी दिसलो की तो जिना बदलायचा. त्या पैशाचं त्याने काय केलं ते बऱ्याच दिवसांनी कळलं. खोलीमालकाचं थकलेलं भाडं दिलं. मालक दारात उभा राहतो, पोट आतल्या आत ओरडतं. मग आधी कुणाचं भागणार? रोख मदत वाईट असं मी म्हणत नाही. पण त्या वेळी मी पैसे दिले ते माझी अस्वस्थता घालवायला, आणि त्याच्या डोक्यावर एक उपकार ठेवून आलो.

मग प्राचार्य, राष्ट्रीय सेवा योजनेच्या मॅडम, वसतिगृहाचे रेक्टर आणि लेखा विभागातले भाऊसाहेब असे बसलो. मुलाचं नाव मी फक्त प्राचार्यांना सांगितलं होतं. हा त्यातल्या त्यात शहाणपणाचा निर्णय.

वसतिगृहात जागा नव्हती, कोविडमुळे खोलीत मुलंही कमी ठेवलेली. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर भरलेला होता. पण राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती नावाप्रमाणेच शुल्काची, जेवणाची नव्हे. डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या मुलांसाठी, आपला गडी साध्या बीएस्सीचा. महाविद्यालयात विद्यार्थी कल्याण निधी होता. त्यातून मदत द्यायची तर अर्ज, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, समितीची बैठक आणि मंजुरी. भाऊसाहेब प्रामाणिकपणे म्हणाले, "सर, लवकरात लवकर म्हटलं तरी फेब्रुवारी."

शिवभोजन सुचलं. २६ जानेवारी २०२० पासून सुरू झालेली ही योजना: १० रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण, भात. मी त्याला सांगून पाहिलं. त्याला ते माहीत होतं, दोनदा जाऊनही आला होता. पण थाळी दुपारी ठरावीक वेळेत मिळते आणि तेव्हा आमचीच प्रात्यक्षिकं असतात. शिवाय तिथे प्रत्येक लाभार्थ्याचा फोटो काढून ॲपवर चढवतात. गैरप्रकार रोखायला ते लागत असेल. याला मात्र तो फोटो गावात कुणाच्या मोबाइलवर जाईल अशी धास्ती. त्याला मी दोष देऊ शकलो नाही.

राहिलं कमवा आणि शिका, म्हणजे महाविद्यालयातच काम करून मानधन मिळवण्याची योजना. इथे आमचे एक निवृत्तीला आलेले सर बोलले आणि बैठकीचा सूर बदलला. ते म्हणाले, "कमवा आणि शिका ही साताऱ्याच्या मातीतली गोष्ट. पण भाऊराव पाटलांनी १९२४ साली इथे बोर्डिंग काढलं तेव्हा आधी पंगत होती, काम नंतर. धान्य संपलं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडलं, पोरांना 'आधी बिल सादर करा' म्हटलं नाही." बैठकीत दोन मिनिटं कुणी बोललं नाही. त्याच बोर्डिंगला १९२७ मध्ये गांधीजी आले, छत्रपती शाहूंचं नाव दिलं गेलं, हे आम्ही दर २२ सप्टेंबरला, भाऊरावांच्या जयंतीला, भाषणात सांगतो. आमच्या कमवा-शिकाचं मानधन तेव्हा दोन-दोन महिने उशिरा निघायचं आणि मेसची मावशी पैसे मागते एक तारखेला, आगाऊ. मुलाची खरी कोंडी या दोन तारखांच्या मधल्या अंतरात होती. वर्षाचा हिशेब मांडला तर तो कसाबसा जुळत होता. महिन्याचा जुळत नव्हता.

काय केलं

ठरलं ते असं. मेसच्या मावशीकडे महाविद्यालयाच्या नावाने एक खातं उघडायचं, आगाऊ रक्कम प्राध्यापकांच्या वर्गणीतून. मुलाने प्रयोगशाळेत रोज दोन तास काम करायचं: काचसामान धुणं, ऊर्ध्वपातित पाण्याचं यंत्र बघणं, बाटल्यांना लेबलं. मानधन येईल तेव्हा येईल, ते आल्यावर त्याला झेपेल तेवढं खात्यात वळतं. न वळवलं तर विचारायचं नाही.

दोन गोष्टींवर मी अडून बसलो. मेसचं कार्ड इतर पोरांसारखंच हवं, वेगळ्या रंगाचं नको. आणि 'गरजू विद्यार्थी' हा शब्द कुठल्याही कागदावर नको. भाऊसाहेबांनी नोंदवहीत 'प्रयोगशाळा सहायक भोजन' असं काहीतरी लिहिलं. लेखापरीक्षणात त्याचं काय झालं मी विचारलेलं नाही.

मावशीला भेटायला गेलो तेव्हा तिने मलाच सुनावलं. "तुमी आत्ता आला व्हय सर? पोरगं अर्ध्या डब्यावर हाय हे मला दिवाळीपास्नं म्हाईत हाय. मी गपचूप एक चपाती जास्तीची घालत हुते." तिला सगळं माहीत होतं. एका डब्यात कोण दोघं, कुणी रात्रीचा डबा बंद केला, कोण आमटीत पाणी घालून पुरवतो, सगळं तोंडपाठ. आम्ही तिला कधी विचारलंच नव्हतं.

जिल्ह्याच्या क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालयात त्याला नेलं. रक्त तपासलं, हिमोग्लोबिन ११.६. पुरुषांसाठी १३ च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात. डॉक्टरांनी जंताची गोळी आणि लोहाच्या गोळ्या दिल्या आणि जेवणावर चहा पिऊ नको म्हणून बजावलं, कारण चहाने लोह अंगी लागत नाही. याने खाली मान घालून सांगितलं की भूक मारायला तो दिवसातून पाच-सहा कप चहाच घेत होता.

घरी कळवायचं की नाही यावर आमचा वाद झाला. मॅडमचं म्हणणं, मूल सज्ञान आहे, त्याला विचारल्याशिवाय नको. मला वाटत होतं आईला अंधारात ठेवणं बरोबर नाही. शेवटी त्यानेच माझ्या फोनवरून लावला. आई बराच वेळ बोलली नाही. मग मला म्हणाली, "सर, सांगायचं न्हाय का. टेम्पोत घातला असता की डबा." गावातून भाजीचा टेम्पो एक दिवसाआड साताऱ्याच्या मार्केट यार्डात येतच होता. एसटी नाही म्हणजे डबा नाही, असं आम्ही सगळ्यांनी गृहीत धरलं होतं, त्या मुलानेसुद्धा. पुढच्या आठवड्यापासून दोन दिवसांच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि ताकाची बाटली टेम्पोने येऊ लागली. वाहतूकवाल्याने एक रुपया घेतला नाही.

मध्येच पडलेला खंड

जानेवारीत ओमायक्रॉनच्या लाटेत महाविद्यालयांचे वर्ग पुन्हा बंद झाले. मेसही जवळपास रिकामी. त्याला गावी पाठवायचं की इथेच ठेवायचं? गावी पोटभर भाकरी होती, पण मोबाइलला रेंज नाही. साताऱ्यात रेंज होती आणि जेवणाचं पुन्हा कठीण. त्याने गाव निवडलं, मी ऑनलाइन तासांचा आग्रह सोडला आणि नोट्स टेम्पोवाल्याच्या हातून पाठवल्या. हा माझ्या नोकरीतला सर्वांत कमी तांत्रिक आणि सर्वांत यशस्वी दूरशिक्षणाचा प्रयोग.

निष्पत्ती

फेब्रुवारीत तो परत आला तेव्हा वजन ४८ होतं. एप्रिलच्या अखेरीस एसटी पुन्हा रस्त्यावर आली, डबा कंडक्टरकडे गेला. त्या सत्रात एक विषय राहिला, पुढच्या वर्षी सुटला. पदवीनंतर तो शिरवळलाच एका कंपनीच्या प्रयोगशाळेत लागला; सोडून जायचं म्हणत होता तिथेच, फक्त दोन वर्षं उशिरा आणि पदवी घेऊन. मेसच्या खात्यात त्याने मानधनातून जवळपास सगळी रक्कम वळवली. मी नको म्हटलं तर म्हणाला, "मग पुढच्याला ठेवा."

खातं अजून चालू आहे. त्याला समिती नाही, अर्ज नाही, मावशी महिन्यातून एकदा मला फोन करून सांगते, "सर, अमक्या वर्गातलं पोरगं बघा जरा." दरम्यान सरकारी बाजूही थोडी हलली. इतर मागास, विमुक्त-भटक्या आणि विशेष मागास प्रवर्गातल्या, शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या मुलांसाठी आता सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. अनुसूचित जातींच्या मुलांसाठी स्वाधार त्याआधीपासून होती. पैसे आधारशी जोडलेल्या बँक खात्यातच पडतात, आणि पोरांची खाती दोन-तीन असतात. कुठलं खातं जोडलंय हे बघून घेणं एवढं एक काम पालक-शिक्षकाने जूनमध्ये केलं तरी पुष्कळ.

वेगळं काय करता आलं असतं

संप लागला त्याच आठवड्यात विचारायला हवं होतं, "डबा कसा येणार?" एवढंच. पुढे मी प्रात्यक्षिकाच्या एका बॅचला बिननावाच्या चिठ्ठ्या दिल्या: गेल्या सात दिवसांत पैशापायी किती जेवणं चुकली? दोन-तीन निघतील असं वाटलं होतं. दोन्ही हातांची बोटं पुरली नाहीत. आता जूनमध्ये आणि दिवाळीनंतर, दोनदा, ही चिठ्ठी फिरते. प्रश्न घरच्या उत्पन्नाचा नसतो, जेवणाचा असतो. त्यामुळे मुलं खरं लिहितात.

रक्तदान शिबिरातून नाकारलेल्यांची यादी आम्ही तेव्हा फेकून देत असू. आता ती मॅडमकडे जाते. त्यातल्या मुली जास्त असतात आणि त्यांचं प्रकरण वेगळं, वेगळं लिहावं लागेल.

स्टाफरूममधला तो प्रश्न टाळता आला असता तर आठ दिवस वाचले असते. पाचशेची नोटही. पण या दोन्हींपेक्षा एक गोष्ट मला जास्त टोचते. त्या वाटेवर त्याने मला स्पष्ट सांगितलं होतं की डबा दोघांत होता. मी एकाचाच विचार केला. दुसरा वाणिज्य शाखेचा, माझ्या पंचवीसांत नव्हता. बैठकीत त्याचं नाव निघालं नाही, मावशीच्या खात्यातही नाही. फेब्रुवारीत वर्ग उघडल्यावर हजेरीपत्रकात त्याच्यापुढे रोज 'गै.' लागत गेलं, मग परीक्षेचा अर्ज आला नाही. जूनमध्ये मी वाणिज्यच्या सरांकडून त्याचा नंबर घेतला. फोन त्याच्या वडिलांनी उचलला. म्हणाले, पोरगं पुण्याला गेलंय, डिलिव्हरीचं काम करतं, लोकांची जेवणं पोचवतं.